मिठाच्या पाण्यातला उजेड

जळगावच्या खुल्या नाट्यगृहाला बालगंधर्वांचं नाव आहे. बालगंधर्व म्हणजे नारायण राजहंस. हा मुलगा लहानपणी काही काळ जळगावात होता, इथेच महेबूब खाँ यांच्याकडे गाणं शिकला. 1905 मध्ये तो किर्लोस्कर नाटक मंडळीत गेला, शकुंतला झाला, आणि पुढे कितीतरी वर्षं महाराष्ट्रातल्या बायका लुगडं कसं नेसायचं, गजरा कसा माळायचा हे एका पुरुषाकडे बघून ठरवत राहिल्या. कॉलेजच्या मुलींना मी हे सांगते तेव्हा त्या आधी हसतात. मग एखादी विचारतेच, "मग तेव्हा बायका कुठे होत्या, ताई?"

होत्या की. तमाशाच्या फडात होत्या, काही स्त्री-नाटक मंडळ्यांत होत्या. पण त्यांचं काम बघायला गर्दी करणारी माणसं त्यांना आपल्या घरात सून म्हणून आणत नव्हती. म्हणून मी मुलींना ज्योत्स्नाबाई भोळ्यांची गोष्ट सांगते. गोव्यातल्या बांदिवड्याची दुर्गा केळेकर. गाण्यासाठी मुंबईत आली, तिथे गाण्यातले मोठे जाणकार केशवराव भोळे भेटले. केशवराव तिच्याहून अठरा वर्षांनी मोठे. 1932 मध्ये लग्न झालं, दुर्गाची ज्योत्स्ना झाली, आणि 1 जुलै 1933 ला, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, ती 'आंधळ्यांची शाळा'मध्ये बिंबा म्हणून उभी राहिली. नाट्यमन्वंतर या संस्थेचं हे नाटक श्री. वि. वर्तकांनी ब्यर्नसन या नॉर्वेच्या लेखकाच्या नाटकावरून लिहिलं होतं आणि संगीत केशवरावांचंच होतं. स्त्रीची भूमिका स्त्रीनेच करायची, पदांचा मारा करायचा नाही, घरात बोलतात तसं बोलायचं, अशी ती नवी रीत. मराठी नाटकाच्या इतिहासात त्या प्रयोगाला मान आहे तो यासाठी. मला मात्र तारखांचा क्रम जास्त महत्त्वाचा वाटतो. आधी लग्न, मग नाटक. आमच्या खानदेशात आजही उलटं असतं. अंगाला हळद लागली की चेहऱ्याचा रंग उतरतो.

माझा रंग उतरला नाही, त्याचं श्रेय एका बादलीभर मिठाच्या पाण्याला आहे. ते पुढे सांगते.

मी धुळे तालुक्यातल्या खेड्यातली. घरात अहिराणी. कॉलेजला धुळ्यात आले तेव्हा वर्गात तोंड उघडायची चोरी, कारण माझ्या तोंडी केळं म्हणजे 'केयं' आणि डोळा म्हणजे 'डोया'. शहरातल्या मुली मागे वळून बघायच्या. एकांकिकेत एक बाई कमी पडत होती म्हणून सरांनी मला बोलावलं, तर मी सरळ सांगितलं, "माले जमाव नही, सर." सर म्हणाले, "हे वाक्य शेवटच्या बाकापर्यंत ऐकू आलं. उद्यापासून ये."

मला कोणी धीट बनवलं नाही. सरांनी मला मैदानाच्या एका टोकाला उभं केलं, दुसऱ्या टोकाला स्वतः उभे राहिले आणि हातात वर्तमानपत्र दिलं. "ओरडू नको. लांब पाठव." पोटातून श्वास, शब्दाचं शेवटचं अक्षर न गिळणं, वाक्य संपेपर्यंत हवा पुरवणं, एवढंच रोज. 'ळ'चा घोटाळाही त्यांनी असाच सोडवला. शहरी पात्र करताना जीभ मागे वळवायची, आणि गावाकडची बाई करताना हवं तेवढं 'केयं' म्हणायचं. दोन्ही येतात म्हटल्यावर लाजायचं कशाला? बहिणाबाई चौधरींची गाणी घरातल्या बोलीत रचलेली आहेत आणि 1952 साली ती छापून आली तेव्हा अख्ख्या महाराष्ट्राने डोक्यावर घेतली, हे मी शाळेत पाठ केलं होतं. त्याचा माझ्या जिभेशी संबंध आहे हे मात्र त्या मैदानावर कळलं.

'नाटकाने व्यक्तिमत्त्व विकास होतो' अशी जाहिरात शिबिरांच्या पत्रकांवर असते. मला ती आवडत नाही. आत्मविश्वास कमवायचा म्हणून नाटकात आलेली मुलगी आठ दिवसांत कंटाळते. जिला पाण्याचा तांब्या कोणत्या वाक्यावर उचलायचा याची काळजी लागते, ती टिकते. तांब्या वेळेवर उचलला गेला नाही तर समोरच्याचं वाक्य लोंबकळतं, त्यामुळे पुढचं चुकतं. विद्यापीठांच्या युवक महोत्सवात एकांकिकेला तीस मिनिटं आणि रंगमंचावर जास्तीत जास्त नऊ जण, असा नियम असतो. नऊ जणांत एक तुम्ही. घरी मी नसले तर भाकरी माय थापायची, धुणं बहीण धुवायची. इथे मी नसले तर पडदाच उघडत नव्हता. आपल्यावाचून अडतं, हे मला वयाच्या अठराव्या वर्षी पहिल्यांदा कळलं.

आता बादली. कॉलेज संपल्यावर आम्ही काही जण राज्य नाट्य स्पर्धेसाठी जळगावच्या एका हौशी संस्थेत जायला लागलो. धुळ्याहून एसटीने पारोळा, एरंडोल करत जायचं, रात्री ओळखीच्यांकडे मुक्काम. संस्थेकडे पैसे नव्हते, म्हणून दिवे मंद करायला मिठाच्या पाण्याचा डिमर. जुन्या हौशी मंडळींना तो आठवत असेल. भांड्यात मीठ कालवलेलं पाणी, त्यात विजेच्या तारेला जोडलेल्या धातूच्या दोन पट्ट्या. वरची पट्टी जितकी खाली सोडाल तितका दिवा उजळतो, वर ओढाल तितका विझत जातो. पाणी तापतं, वाफ येते, आणि हात चुकला तर जिवाशी खेळ. आज मी कोणाला तो करू देणार नाही. त्या भांड्यापाशी रबरी चपला घालून, एक हात खिशात घालून बसणारा मुलगा भुसावळचा होता. दोन्ही हात विजेजवळ न्यायचे नाहीत म्हणून एक खिशात, हे त्याने मला नंतर सांगितलं. मला आधी तो ऐटबाज वाटला होता.

शेवटच्या प्रवेशात माझं एक लांब मौन होतं आणि त्या मौनात उजेड उतरत जायचा. तो कुठे सुरू करायचा हे संहितेत लिहिलेलं नव्हतं. मी कधी लवकर श्वास सोडायचे, कधी उशिरा. दोन-चार तालमींनंतर माझ्या लक्षात आलं की मी कशीही थांबले तरी उजेड बरोबर माझ्या श्वासावर हलतो. विंगेत जाऊन विचारलं, कसं कळतं? म्हणाला, "तुझे खांदे उतरतात." तोपर्यंत मला बघणारे पुष्कळ होते, बसस्टँडवर होते, गल्लीत होते. माझ्या कामाकडे इतकं नीट बघणारा हा पहिला.

प्रेम म्हणाल तर ते एवढंच होतं आणि पुष्कळ होतं. तालमीत माणूस लपत नाही. कोण पाठांतर न करता येतो, कोण दुसऱ्याचं वाक्य खातो, कोण प्रयोग संपल्यावर नेपथ्याचे फ्लॅट उचलायला थांबतो आणि कोण बक्षीस समारंभाच्या वेळीच उगवतो, हे महिनाभरात दिसतं. बघण्याच्या कार्यक्रमात पोह्यांच्या बशीआडून यातलं काय दिसणार? आमची जात एक नव्हती. दोन्ही घरांनी जे म्हणायचं ते म्हटलं, आणि ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण बोलणी चालू असताना मी माझ्या वडिलांसमोर उभी राहून, आवाज न चढवता, वाक्य न गिळता, पूर्ण बोलले. मैदानावरचं शिक्षण कामाला आलं. लग्नानंतर सासूबाई प्रयोगाला आल्या, पहिल्या रांगेत बसल्या, आणि घरी येऊन फक्त म्हणाल्या, "पदर फार वेळा सावरते तू." पुढच्या प्रयोगाला मी पिन लावली.

सगळ्यांचं असं होत नाही. तालमीत जुळलेल्या बऱ्याच जोड्या स्पर्धेचा निकाल लागला की सुटतात, कारण जवळीक पात्रांची असते आणि पोरांना ती आपली वाटते. मी त्यांना सांगते, नाटक संपल्यावर तीन महिने थांबा, मग ठरवा. कोणी ऐकतं, कोणी नाही. मुलीच्या भाबडेपणाचा फायदा घेणारे दिग्दर्शकही या क्षेत्रात असतात. म्हणून तालीम दार उघडं ठेवून आणि एकट्या मुलीला मागे थांबवायचं नाही, हे माझे नियम आहेत.

आमच्या विद्यापीठाचा 'युवारंग' हा युवक महोत्सव जवळ आला की जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या कॉलेजांत मुली निवडायचं काम सुरू होतं. निवडीला दर वर्षी कोणीतरी बेणारेबाईंचं स्वगत करतेच. तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' 1967 सालचं. त्यातली पहिली बेणारे सुलभा देशपांडे, दिग्दर्शक त्यांचे पती अरविंद देशपांडे. बेणारे शिक्षिका आणि सुलभाताईही छबिलदास शाळेत शिक्षिका होत्या. अरविंदरावांनी लेखकाच्या मागे लागून ते स्वगत लिहून घेतलं, म्हणून ते आज नाटकात आहे. बायकोला बोलायला जागा हवी म्हणून अडून बसणारा नवरा! मुलींना हे सांगितलं की त्या स्वगत जरा कमी रडून करतात.

निवड झाली की वडिलांचा फोन येतो. अभिनयाचं कोणी विचारत नाही. "तालीम किती वाजता सुटते? बरोबर कोण असतं?" प्रश्न रास्त आहेत. शेवटची एसटी लवकर जाते आणि गावात चार तोंडं असतात. मी त्यांना वेळ सांगते आणि एक अट घालते: एका संध्याकाळी तुम्हीच येऊन बसा. बरेच जण येतात, मागच्या खुर्चीवर टोपी मांडीवर घेऊन बसतात. मध्यंतरी अमळनेरकडचे एक आबा सलग दोन दिवस आले. दुसऱ्या दिवशी मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, पोर डाव्या बाजूनं येते ती चूक आहे. तिकडं तर विहीर दाखवली ना तुम्ही?" बरोबर होतं त्यांचं. आम्ही एन्ट्री उजवीकडे घेतली.