मचूळ पाण्याला रिठ्याचा उतारा

रायगड जिल्ह्याच्या किनारपट्टीवर अनेक विहिरींचे पाणी उन्हाळ्यात मचूळ होते. अशा दुष्फेन पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार साबणाशी संयोग पावून साका तयार करतात. फेस येत नाही आणि साबण वाया जातो. रिठ्याच्या सालीतील सॅपोनिन या द्रव्याचा असा साका होत नाही. म्हणून मचूळ पाण्यातही रिठा फेसाळतो आणि साबणाचा खर्च वाचतो.

दहा-बारा रिठे फोडून बिया काढाव्यात. साली लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून सकाळी उकळाव्यात व पाणी गाळून घ्यावे. कपडे, भांडी व फरशी त्याने स्वच्छ होतात. हे पाणी दोन-तीन दिवसांपुरतेच करावे. डोळ्यांत जाऊ देऊ नये. तांब्या-पितळेवरील डाग कोकमाच्या आम्लाने निघतात. तेलकट भांड्यांना चाळलेली राख व नारळाची शेंडी पुरते. अॅल्युमिनियमला मात्र राख लावू नये.

रिठा जंतुनाशक नव्हे. विहिरीच्या शुद्धीकरणासाठी ब्लिचिंग पावडरच हवी. तिच्यात आंबट पदार्थ मिसळल्यास विषारी क्लोरीन वायू निघतो.

शिक्षकांनी गावच्या विहिरीचे पाणी दोन बाटल्यांत घेऊन एकीत साबण व दुसरीत रिठा हलवून दाखवावा. फरक मुलांच्या सहज ध्यानी येईल आणि त्यांच्याकरवी घरोघरी पोहोचेल.