चावणारें मांजर

मांजर पाळणाऱ्या बहुतेक कुटुंबांत एक तक्रार केव्हां ना केव्हां ऐकूं येते: "मांडीवर सुखानें घुरघुरत होतें, आणि कांहीं कारण नसतां एकाएकीं कडकडून चावलें!" ही तक्रार दोन-चार वेळां झाली, म्हणजे घरांतील वडील माणसें एखादें पोतें शोधूं लागतात. मांजराला पोत्यांत घालून नदीपलीकडे अगर मंडईत सोडून येणें हा आपल्याकडचा जुना तोडगा. घरांत वाढलेल्या जनावराला तेथें किती दिवस काढतां येतील, याचा विचार पोत्याचें तोंड बांधतांना सहसा कोणी करीत नाहीं.

माझ्या बहिणीच्या घरीं हा प्रसंग आला, तेव्हां पोतें खरोखरच दाराशीं येऊन पडलें होतें. तिच्या अकरा वर्षांच्या मुलाच्या मनगटांत मांजराचे दांत चांगलेच रुतले होते. मुलाला दवाखान्यांत नेलें, तेव्हां डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न आला, "मांजर कोठें आहे?" त्याला मुळींच हांकलूं नका, दहा दिवस तें तुमच्या नजरेसमोर राहिलें पाहिजे, असें त्यांनीं बजावलें. त्याचें कारण मी शेवटीं सांगेन. पोतें परत माळ्यावर गेलें, आणि नाइलाजानें कां होईना, त्या मांजराकडे नीट लक्ष देऊन पाहण्याची संधि आम्हांला मिळाली. आज मी जें सांगणार आहें, त्यांतील पुष्कळसें त्या दहा दिवसांत उमगलेलें आहे. बाकीचें मागाहून वाचून पडताळून पाहिलें.

पहिली गोष्ट अशी, कीं मांजर 'एकाएकीं' असें फार क्वचित् चावतें. त्यानें आधीं दिलेल्या सूचना आपल्या ध्यानांत आलेल्या नसतात. पाठीवरून हात फिरत असतां प्रथम शेपटीचें टोंक हलूं लागतें. मग पाठीवरची कातडी थरथरते, कान बाजूला वळून मागें पडतात, डोळ्यांतील बाहुल्या मोठ्या होतात, आणि मांजर मान वळवून हाताकडे पाहतें. कित्येकदां हें सारें चार-सहा सेकंदांत आटोपतें. कुत्रा शेपूट हालवितो तो आनंदानें, म्हणून मांजराचीहि शेपटी आनंदानें हालत असेल, अशी आपली समजूत. वस्तुतः शेपटी आपटणारें मांजर वैतागलेलें असतें. घुरघुरीवरहि सर्वस्वीं विसंबूं नये. मांजरें दुखण्यांतहि घुरघुरतात.

हीं चिन्हें दिसतांच हात थांबवावा, आणि मांजर उठून जात असेल तर जाऊं द्यावें. हात फिरवावा तो गालफडांवर, हनुवटीखालीं, कानांच्या पुढें. शेपटीच्या मुळाशीं केलेला स्पर्श बहुतेक मांजरांना खपत नाहीं. पोट वर करून लोळणारें मांजर पाहिलें कीं मुलांचे हात शिवशिवतात. परंतु त्या लोळण्यांत विश्वास असला, तरी पोटाला हात लावण्याचें तें आमंत्रण नव्हे. हात लावलाच, तर चारी पंजे आणि दांत एकदम त्या हातावर मिटतात. दोन-तीन वेळां कुरवाळून क्षणभर थांबावें, आणि मांजर आपण होऊन हाताला डोकें घासतें कीं काय तें पाहावें. इंग्लंडांतील नॉटिंगहॅम ट्रेंट विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०२१ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. अनोळखी माणसांना थोडक्यांत इतकेंच शिकविलें, कीं निवड मांजराला करूं द्या, त्याच्याकडे लक्ष ठेवा आणि स्पर्श बेतानें करा. तेवढ्यानें मांजरांचें अंगावर येणें कमी झालें.

बहिणीच्या मांजराची दुसरी खोड निराळी होती. दिवसभर तें झोपे, आणि तिन्हीसांजेस दाराआड दबा धरून येणाऱ्या-जाणाऱ्याच्या घोट्यावर झडप घाली. हा राग नव्हे, ही शिकार. जिन्याखालीं सांपडलें, तेव्हां तें पिल्लूं जेमतेम महिन्याचें होतें, आणि आमच्या भाच्यानें त्याला चादरीखालीं बोटें हालवून खेळायला शिकविलें. पिल्लाचे इवलेसे दांत तेव्हां कौतुकाचे वाटले. भावंडांत वाढणारें पिल्लूं जोरानें चावलें, तर दुसरें किंचाळून खेळ सोडतें, आई पंजाची चापट देते. दांत किती लावावा हें तें तेथें शिकतें. लवकर आईपासून तुटलेल्याला ही शाळाच मिळत नाहीं. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठानें सहा हजारांच्या जवळपास मांजरांची माहिती मालकांकडून गोळा केली. २०१७ सालच्या त्या लेखांत, आठ आठवड्यांच्या आंत आईपासून वेगळीं केलेलीं मांजरें परक्यांवर अधिक धांवून जातात, असें आढळलें. चौदा आठवड्यांपर्यंत आईजवळ राहिलेलीं अधिक शांत निघालीं.

गेलेलें बालपण परत देतां येत नाहीं, पण शिकारीची हौस दुसरीकडे वळवितां येते. एका काठीला दोरी बांधावी, दोरीच्या टोंकाला कोंबडीचें पीस. सकाळीं व तिन्हीसांजेच्या थोडें आधीं पांच-दहा मिनिटें तें जमिनीवरून पळवावें, शेवटीं मांजराला पकडूं द्यावें, आणि लगेच जेवण घालावें. (खेळ झाल्यावर दोरी कपाटांत ठेवावी, गिळलेला दोरा आंतड्यांत अडकून मांजरें दगावतात.) इंग्लंडांतच एक्सेटर विद्यापीठानें २०२१ सालीं दाखविलें, कीं रोजच्या एवढ्या खेळानें मांजरें घरीं आणतात त्या शिकारींत पाव हिश्श्यानें घट होते. हात दांतांत सांपडलाच, तर हिसका देऊं नये, कारण पळणारा हात मांजराला उंदरासारखाच वाटतो. हात सैल सोडावा, आणि सुटतांच खोलींतून निघून जावें. तीन आठवड्यांनीं बहिणीच्या घरीं घोट्यांवरच्या उड्या पुष्कळ कमी झाल्या. अगदीं थांबल्या, असें मी म्हणणार नाहीं.

मनगटाच्या त्या चाव्याचा उलगडा मात्र सहाव्या दिवशीं झाला. गॅलरीच्या गजांपलीकडे एक दांडगा बोका येऊन बसला, आणि आमचें मांजर शेपटी फुगवून गुरगुरूं लागलें. भाचा म्हणाला, "त्या दिवशींहि असेंच करीत होतें, म्हणून मीं त्याला उचललें." बोका हातीं लागत नव्हता, हातीं लागलें तें पोराचें मनगट. वड्याचें तेल वांग्यावर! अशा मांजराला त्या वेळीं शिवूं नये, समजावूं नये. दार लोटून त्याला एकटें सोडावें. तें निवायला कधीं तास, कधीं सबंध दिवस लागतो. आम्हीं गजांना खालून हातभर पुठ्ठा बांधला, आणि बोक्यासाठीं गॅलरींत भाकरी टाकण्याचा शेजारधर्म बंद केला. एकमेकांशीं झुंजणाऱ्या बोक्यांची नसबंदी केल्यानें झुंजी पुष्कळ कमी होतात, हेंहि येथें सांगून ठेवतों.

जन्मभर गरीब असलेलें मांजर उतारवयांत चावूं लागलें, तर आधीं दुखणें शोधावें. अमेरिकेंत २००२ सालीं बारा वर्षांवरील शंभर मांजरांचीं क्ष-किरण चित्रें तपासलीं, तेव्हां नव्वदांच्या सांध्यांत झीज दिसली. दांत, कान, सांधे यांपैकीं कांहींहि ठणकत असेल, पशुवैद्याला दाखवावें. आपल्या घरांतली पॅरासिटामॉलची गोळी मात्र देऊं नये. एकच गोळी मांजराचा प्राण घेऊं शकते.

मारण्याविषयीं काय सांगावें? मार खाल्लेलें मांजर 'चावूं नये' हें शिकत नाहीं. हात दिसतांच भ्यावें, एवढें शिकतें, आणि भ्यालेलें मांजर अधिक चावतें.

आतां डॉक्टरांच्या त्या प्रश्नाकडे येतों. पिसाळरोग कुत्र्याप्रमाणें मांजराच्या दंशानें, ओरखड्यानेंहि होऊं शकतो, आणि एकदां लक्षणें दिसूं लागल्यावर तो जवळजवळ नेहमींच प्राणघातक ठरतो. म्हणून जखम वाहत्या पाण्याखालीं साबणानें पंधरा मिनिटें धुवावी. हळद, चुना, तिखट कांहीं भरूं नये. बहिणीनें हळद भरलीच होती, ती दवाखान्यांत धुवून काढावी लागली. लशीसाठीं त्याच दिवशीं जावें. पोटावर चौदा सुया टोंचण्याची जुनी लस भारतांत २००५ पासून वापरांत नाहीं. हल्लींची दंडावर देतात. दहा दिवस वाट पाहून मग लस घेणें ही घातक चूक होय. लस लगेच सुरू करावयाची, आणि चावलेलें मांजर दहा दिवसांनंतरहि निरोगी राहिलें, तर पुढचे डोस द्यावयाचे कीं नाहीं तें डॉक्टर ठरवितात. मांजर पोत्यांतून सोडून दिलें, म्हणजे हा पुरावाच गेला. शिवाय मांजराचे दांत सुईसारखे बारीक. वरची भोंकें लवकर मिटतात आणि जंतु आंत राहतात. हातावरचा चावा चोवीस तासांच्या आंत लाल होऊन सुजूं शकतो, तेव्हां तो डॉक्टरांना दाखविल्याशिवाय राहूं नये.

अकराव्या दिवशीं मांजर ठणठणीत असल्याचें आम्हीं डॉक्टरांना कळविलें. त्याच आठवड्यांत त्याला टोपलींतून पशुवैद्याकडे नेलें आणि त्याची स्वतःची लस टोंचून घेतली. ती आतां दर वर्षीं टोंचावी लागेल.