भाकरीची शर्त आणि सरव्याचा हक्क

४ जुलै २०२५ च्या कायद्याने अमेरिकेतील अन्नसाहाय्यावरील कामाची अट चौसष्ट वर्षे वयापर्यंतच्या धडधाकट माणसांना लागू केली, आणि महिन्याकाठी ८० तासांच्या कामाचा दाखला न देणाऱ्याला तीन वर्षांत तीनच महिने मदत मिळावी असा दंडक अधिकच विस्तारला. या अटीच्या समर्थकांचा आवडता शास्त्राधार मात्र जुनाच आहे. काम नको म्हणणाऱ्याला अन्नही नको, या आशयाचे थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातील ते वचन २०१३ साली प्रतिनिधिगृहाच्या कृषी समितीत टेनेसीचे प्रतिनिधी स्टीफन फिंचर यांनी ऐकवले होते. आणि मौज अशी की, याच तत्त्वाला लेनिनच्या रशियाने १९१८ च्या राज्यघटनेत स्थान दिले होते.

हे पत्र संत पौलाचेच की त्याच्या शिष्याचे, याविषयी विद्वानांत एकमत नाही. परंतु ते परस्परांना ओळखणाऱ्या एका लहानशा मंडळीला उद्देशून आहे, आणि त्यातील ही तंबी उपाशी परक्याला नसून घरच्याच रिकामटेकड्यांना आहे, एवढे कोणत्याही सावध वाचकाच्या ध्यानात यावे. उलटपक्षी, आकाशातील पाखरांकडे बोट दाखवून उद्याची चिंता करू नका असे सांगणारा येशूचा उपदेश म्हणजे आळसाला दिलेली सनद, असेही मानण्याचे कारण नाही. कारण रानात इस्राएलांना देवाने अन्न म्हणून पुरवलेला मान्नादेखील तोंडात येऊन पडत नसे, तर ऊन चढण्यापूर्वी वाकून वेचावा लागे, आणि दुसऱ्या दिवसासाठी साठवला तर त्यात किडे पडत.

या दोन टोकांमधला, आणि माझ्या मते सर्वांत शहाणपणाचा, मार्ग लेवीयातील नियमशास्त्रात सापडतो: शेताच्या कडेचे पीक कापू नये, गळालेली कणसे उचलू नयेत, ती गरिबासाठी व परक्यासाठी राहू द्यावीत. मवाबी रूथ बवाजाच्या शेतात संध्याकाळपर्यंत सरवा वेचते आणि झोडून सुमारे एफाभर जव घरी नेते; तिने कष्ट केले हे खरे, परंतु तिच्याकडे कोणी दाखला मागितला नाही, कारण शास्त्राने शर्त घातली होती ती शेतमालकावर. फिंचर स्वतः शेतमालक आणि लक्षावधी डॉलरच्या सरकारी शेती-अनुदानाचे लाभार्थी होते, ही गोष्ट येथे नजरेआड करवत नाही.

आपल्याकडे आईबाप दुष्काळात गमावलेल्या पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात निराधार मुलींना आणून केडगावला आश्रय दिला, तेव्हा द्रव्यासाठी त्यांची भिस्त प्रार्थनेवर होती आणि तिथल्या आश्रयस्थानात शेती, विणकाम, पुढे छापखानाही चालत असे. पण क्रम असा, की आधी पानावर अन्न आणि मग हाताला काम. वॉशिंग्टनला बायबल कायद्यात आणायचेच असेल, तर भुकेल्याच्या तासांचा हिशेब ज्या कलमात आहे त्याच्या शेजारी मालकाच्या कर्तव्याचेही कलम घालावे लागेल. अन्यथा धर्मग्रंथाचे नाव घेऊन ही कापणी कडेपर्यंत चालली आहे, असेच म्हणणे प्राप्त आहे.