मातीतली बुरशी आणि गजकर्णाचे औषध

श्रोतेहो, पावसाळा लागला, अंगावरचे कपडे दिवसभर ओले राहू लागले, की जांघेत, काखेत, कंबरेला गजकर्ण उठते. शाळेत एखाद्या मुलाच्या डोक्यावरचे केस तुटून वाटोळा चट्टा पडतो. रक्त बिघडले, असे आपण म्हणतो. पण रक्ताचा यात काही दोष नाही. हा रोग बुरशीचा आहे. आणि गजकर्णावर पोटातून घेण्याचे पहिले गुणकारी औषध मिळाले तेही बुरशीपासूनच! काट्याने काटा काढतात ना, तसेच हे.

आता बुरशी औषध का बनवील? मूठभर मातीत असंख्य बुरश्या आणि जंतू नांदत असतात. खाणारी तोंडे फार आणि अन्न थोडे. अशा ठिकाणी काही बुरश्या अंगातून एखादे द्रव्य सोडतात. त्याने शेजाऱ्याची वाढ खुंटते. शिळ्या भाकरीवर किंवा लिंबावर निळसर-हिरवा थर येतो, तो पुष्कळदा पेनिसिलियम बुरशीचा असतो. तिचे भाऊबंद मातीतही राहतात. त्यांतल्याच एका जातीपासून १९३९ साली लंडनमध्ये ऑक्सफर्ड, रेस्ट्रिक आणि सिमोनार्ट या रसायनशास्त्रज्ञांनी ग्रिझिओफल्व्हिन नावाचे द्रव्य वेगळे केले. त्याचा उपयोग मात्र तेव्हा कळला नाही.

पुढची गोष्ट एका माळरानाची आहे. इंग्लंडच्या दक्षिणेस वेअरहॅम येथे पाइनसारखी झाडे लावली, पण ती जोम धरीनात. या झाडांच्या मुळांना एका उपकारक बुरशीची सोबत लागते. तिला मारक असे काही या मातीत असावे, असा संशय आला. ब्रायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या मातीतली पेनिसिलियम तपासली. तिच्या द्रव्याने दुसऱ्या बुरशीचे तंतू वेडेवाकडे पिळवटून जातात, असे त्यांनी १९४६ साली दाखविले. १९४७ साली ओळख पटली, की हे तेच ग्रिझिओफल्व्हिन! १९५८ साली जेंटल्स यांनी गजकर्ण झालेल्या गिनीपिगांना ते खाऊ घातले, आणि ते बरे झाले. त्यानंतर माणसांनाही गुण आला.

हे औषध काम कसे करते, ते समजून घेतले पाहिजे. ते बुरशीला एका घावात मारीत नाही, तिची वाढ अडवते. औषध नव्याने तयार होणाऱ्या त्वचेत, केसांत आणि नखांत जाऊन बसते. तेथे बुरशीला शिरकाव मिळत नाही. जुनी, रोगट त्वचा मात्र तिच्याच गतीने झडायची. म्हणून डोक्याच्या गजकर्णाला साधारण ६ ते ८ आठवडे लागतात, नखांना कित्येक महिने. खाज थांबली म्हणून गोळी सोडली, तर उरलेली बुरशी पुन्हा पसरते. गोळी तूप-तेलाच्या जेवणाबरोबर चांगली अंगी लागते. गरोदर बाईने आणि यकृताचा विकार असलेल्याने ती घेऊ नये.

आज आणखी औषधे आली आहेत. कोणते घ्यायचे आणि किती दिवस, ते डॉक्टरांना ठरवू द्या. दुकानातून परस्पर आणलेल्या काही मलमांत स्टेरॉइड असते. त्याने लाली आणि खाज झटकन कमी होते, पण बुरशी आत पसरतच राहते. टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधाला दाद न देणारी बुरशी अलीकडे आपल्या देशात आढळू लागली आहे.

गुरुजनहो, मुलांना एकमेकांची फणी, टोपी, पंचा वापरू देऊ नका. चट्टा दिसला तर मुलाला हिणवू नका, पालकांना कळवा. शेतकरी बंधूंनो, वासराच्या अंगावर केस गेलेले करडे चट्टे असतील, तर त्याला हात लावल्यावर साबणाने धुवा. कारण हा रोग जनावरांकडूनही येतो. घरात एकाला झाला, तर बाकीच्यांनाही तपासून घ्या. कपडे उन्हात वाळवा, अंग कोरडे ठेवा, आणि सांगितलेले औषध सांगितले तितके दिवस घ्या. मातीने औषध दिले खरे, पण धीर आपणच धरायचा आहे.