आगोटीचा हिशोब

मे महिन्याचा शेवटचा आठवडा लागला की रत्नागिरीच्या राम आळीतून सरळ चालता येत नाही. दुकानांच्या पायऱ्यांवर ताडपत्र्या, छत्र्या आणि पावसाळी चपला मांडलेल्या असतात, कांद्याच्या गोण्यांचा टेम्पो मध्येच अडकलेला असतो आणि बहुतेक बायकांच्या हातात वहीच्या पानावर लिहिलेली यादी असते. ही आगोटीची खरेदी. जूनपासून सप्टेंबरपर्यंत तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस झेलणाऱ्या या गावात पावसाळ्याचं सामान आधी भरून ठेवायची रीत जुनी आहे. आता घाटावरून रोज ट्रक येतात, सुपरमार्केटं रात्रीपर्यंत उघडी असतात, मोबाइलवर मागवलेलं पीठ दारात येतं. तरी ही खरेदी थांबलेली नाही आणि माझ्या मते थांबूही नये. घरखर्चातली खरी बचत कुठे होते, हे मला सवलतीच्या फलकांपेक्षा या आठवड्यानेच जास्त शिकवलं.

शिकवलं म्हणजे शेजारच्या काकूंनी. एसटीतल्या कंडक्टरच्या पगारात त्यांनी तीन मुलांची शिक्षणं केली. त्यांच्या यादीला दोन बाजू असतात. एकीकडे काय आणायचं ते, दुसरीकडे घरात काय शिल्लक आहे ते. ही दुसरी बाजू आधी लिहिली जाते, तीही डबे उघडून, हलवून, वास घेऊन. मागच्या वर्षीची चवळी तळाशी निघाली तर नवीन चवळी यादीत येत नाही, मग बाजारात ती कितीही स्वस्त असो.

सुपरमार्केटमध्ये काकू 'सवलत' लिहिलेल्या फलकाकडे बघतात, पण नंतर. आधी पाकीट उलटं करतात. मागे बारीक अक्षरांत निव्वळ वजन, कमाल किरकोळ किंमत आणि त्याच्या आसपास एका ग्रॅमचा किंवा मिलिलिटरचा भाव छापलेला असतो. हा भाव छापणं आलं ते वेष्टनबंद मालाच्या वजनमापाच्या नियमांत नोव्हेंबर 2021 मध्ये झालेल्या दुरुस्तीमुळे. त्याच दुरुस्तीने आणखी एक बदल केला, तो मात्र फारसा कुणाच्या लक्षात आला नाही. पूर्वी चहा, बिस्किटं, खाद्यतेल अशा काही वस्तू ठरावीक वजनांतच विकाव्या लागत. ते बंधन गेलं. त्यामुळे आज एकाच फळीवर एक लिटरची पिशवी आणि तिच्यासारखीच दिसणारी 800 ग्रॅमची पिशवी शेजारी शेजारी बसू शकते.

तेलाचंच उदाहरण घ्या. एक लिटर तेलाचं वजन साधारण 910 ग्रॅम भरतं. समजा, लिटरची पिशवी 150 रुपयांना आहे आणि 800 ग्रॅमची 138 ला. बघताक्षणी दुसरी स्वस्त वाटते आणि हात तिकडेच जातो. किलोचा भाव काढला तर पहिली 165 रुपयांच्या आत पडते आणि दुसरी एकशे साडेबाहत्तरला. महिन्याला चार किलो तेल लागणाऱ्या घरात या एका वस्तूवर तीस रुपये सांडतात. त्यातही एका पिशवीवर मिलिलिटरचा भाव आणि दुसरीवर ग्रॅमचा असेल, तर छापलेले आकडे एकमेकांशी जुळतच नाहीत. किलोपेक्षा कमी वजनाच्या पाकिटावर ग्रॅमचा भाव दोन दशांशांपर्यंत असतो, 0.16 आणि 0.17 यांतला फरक डोळ्यांना दिसतसुद्धा नाही, पण ग्रॅममागे एक पैसा म्हणजे किलोमागे दहा रुपये. काकू यादीच्या कागदावरच पेन्सिलीने हजाराने गुणतात. मागे रांग खोळंबली तरी त्या हलत नाहीत, आणि त्यात त्यांचं काही चुकतं असं मला वाटत नाही. पैसे त्यांचे आहेत.

सप्टेंबर 2025 मध्ये साबण, शाम्पू, टूथपेस्ट यांवरचा जीएसटी 18 वरून 5 टक्क्यांवर आला, तेव्हाही हीच पेन्सिल कामाला आली. करातली घट पूर्ण उतरली तर 118 ची वस्तू 105 ला मिळायला हवी, म्हणजे अकरा टक्के स्वस्त. त्या दिवसांत जुन्या छापील किमतीवरची 'दहा टक्के सूट' कराच्या घटीइतकीही भरत नव्हती.

पण रत्नागिरीत सवलतीची खरी परीक्षा जुलैत होते. दोन पाकिटांवर एक मोफत मिळालेले पोहे जुलैत चिवट होतात, बिस्किटं मऊ पडतात, रव्यात जाळी धरते, धुण्याच्या पावडरीचा दगड होतो. हवेत इतकी ओल असते की काडेपेटीतली काडीही पेटत नाही. घाटावरच्या शहरात जी मोठी पिशवी फायद्याची ठरते, तीच इथे उकिरड्यावर जाऊ शकते. म्हणून काकू मालाचे दोन वाटे करतात: पावसात टिकणारा आणि न टिकणारा. तांदूळ, डाळी, गूळ, तेल, आमसुलं, मसाला मे महिन्यात भरायचं. पोहे, रवा, पीठ, बिस्किटं महिन्याची महिन्याला, लहान पाकिटांतून, किलोमागे चार पैसे जास्त पडले तरी. एकावर एक मोफत असेल तर तारीख आधी बघायची, कारण तारीख जवळ आलेला माल पुष्कळदा अशाच जोडीतून बाहेर काढला जातो. दोन्ही पाकिटं त्या तारखेआधी संपणार असतील तरच ती खरेदी.

धान्याला मात्र त्या सुपरमार्केटात जात नाहीत, वाण्याकडे जातात. 18 जुलै 2022 पासून छापील पाकिटांतल्या तांदळावर, डाळींवर, पिठावर पाच टक्के जीएसटी आला. सुट्या मालावर तो नाही. तेव्हा हा कर 25 किलोपर्यंतच्या पाकिटांनाच होता, म्हणून बाजारात 26 किलोच्या गोण्या दिसू लागल्या. सुटा माल घेताना निवडणं-पाखडणं आपल्या अंगावर येतं हे खरं. ज्या घरात त्याला वेळ आहे तिथे ते पाच टक्के वाचतात. तांदूळ बहुतेक जण ओळखीच्या शेतकऱ्याकडून घेतात. रत्नागिरी 1, रत्नागिरी 24 ही वाणं इथल्याच शिरगावच्या भात संशोधन केंद्राची, आणि गावागावांत पेरली जाणारी. काकू जुना तांदूळ मागतात. किलोला दोन-चार रुपये जास्त मोजावे लागले तरी जुन्याला पाणी जास्त लागतं, तो फुगतो आणि तेवढ्याच मापात पातेलं भरतं. हा हिशोब कुठल्याच पाकिटावर छापलेला नसतो. तूरडाळीला ऊन देऊन एरंडेलाचा हात लावायचा की ती दिवाळीपर्यंत राहते. तांदळाला बोरिक पावडर चोळायची पद्धत काही घरांत अजून आहे. ती पोटाला अपायकारक, सोडलेली बरी. कडुलिंबाचा वाळलेला पाला पुरतो.

मला सगळ्यात आवडतो तो सुक्या मासळीचा बाजार. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना समुद्रात मासेमारीची बंदी असते, मिरकरवाडा बंदरात बोटी विसावतात आणि ताजी मासळी मिळाली तरी भावाला चढी असते. म्हणून मे संपायच्या आत सोडे, सुकट, बोंबील, खारा बांगडा घरात यायला हवा. इथे पाकीट नाही, छापील किंमत नाही, सगळं डोळ्यांवर, बोटांवर आणि नाकावर. सोडा मोडून बघायचा: कटकन तुटला तर वाळलेला, वाकला तर ओल आहे, म्हणजे आपण पाण्याचे पैसे देतोय आणि वर महिन्याभरात बुरशी. सुकट ओंजळीत घेऊन घोळवायची, तळहातावर रेती किती राहते ते बघायचं. बोंबील पिवळसर हवा, तांबूस पडला असेल तर जुना. खाऱ्या बांगड्यावर काकूंचं घोडं हमखास अडतं.

"बाय, मिठाचा भाव सांगतेस की बांगड्याचा?"

"काकी, हातात घे नि बघ. झटकून देते, मग तर झालं?"

आणि मासळीवाली खरंच एकेक बांगडा फळीवर आपटून मीठ पाडते, मगच तराजूत टाकते. तेवढं झालं की काकू भावासाठी ताणत नाहीत. "तिने चार दिवस उन्हात उभं राहून वाळवलंय," असं त्या वाटेत म्हणाल्या. वजन चोख मिळावं एवढाच त्यांचा आग्रह. कष्टाच्या पैशांत घासाघीस करून मिळवलेल्या दहा रुपयांना त्या बचत म्हणत नाहीत, आणि याबाबतीत मी पूर्णपणे त्यांच्या बाजूची आहे.

मासळी किती घ्यायची यालाही हिशोब आहे. श्रावणात त्यांच्या घरी मासळी शिजत नाही. म्हणजे जून आणि श्रावण लागेपर्यंतचा जुलै, आठवड्यातून दोन वार, एवढंच माप. घरी आणल्यावर गच्चीवर पुन्हा दोन उन्हं आणि मग घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा. चार महिन्यांची म्हणून भरमसाट भरलेली सुकट ऑगस्टमध्ये फेकताना मी अनेक घरांत पाहिली आहे.

बाकीच्या गोष्टी भराभर उरकतात. आमसुलं मऊ आणि काळपट असतील तर यंदाची; वर मिठाचा पांढरा थर दाटला असेल तर हात आखडता. वळवाचा पाऊस लवकर आला की रातांब्यांचं नुकसान होतं आणि आमसुलं महागतात, म्हणून ती मिळतील तेव्हा घ्यायची. डागाळलेला हापूस मेच्या अखेरीस कॅनिंगच्या भावात किलोवर मिळतो. रस आटवून ठेवायला तोच घ्यावा, पेटीतल्या आंब्याचे पैसे त्यासाठी घालवू नयेत. कांदा उन्हाळीच हवा, सुकलेल्या मानेचा. तो माळ्यावर पसरून ठेवला की टिकतो. घाटावरचे ट्रक ज्या वाटेने येतात त्या आंबा घाटाचा भरवसा नसतो: जुलै 2021 च्या अतिवृष्टीत दरडी कोसळून तिथली अवजड वाहतूक बंद पडली, तेव्हा ज्यांच्या माळ्यावर कांदा होता त्यांना भावाची चिंता पडली नाही.

हे सगळं एकटीने करायचं तर दमछाक होते आणि रोख पैसेही एकदम लागतात. त्यावरचा उपाय मराठी माणसांनी फार पूर्वी शोधलेला आहे. 1948 साली मुंबईत नायगावला अपना बाजार हे ग्राहकांचं सहकारी भांडार सुरू झालं. 1975 साली मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली, ती तर दुकानाशिवाय: शेजारची कुटुंबं गट करतात, एकत्र मागणी नोंदवतात, घाऊक माल येतो आणि सभासदच तो वाटून घेतात. आमच्या आळीत एवढी मोठी व्यवस्था नाही. पण काकू आणि आणखी तीन घरं मिळून तेलाचा 15 किलोचा डबा घेतात, तो आणला त्याच दिवशी कोरड्या बरण्यांत मोजून वाटला जातो. गूळ आणि मसाल्याची मिरचीही तशीच. ज्या घरात एकदम पैसे निघत नाहीत त्यांचे बाकीच्या तिघी भरतात आणि जुलैपर्यंत थोडेथोडे घेतात.

तुमच्या गावात आगोट नसेल, पण शेजार असेलच. पुढच्या महिन्याचं सामान भरण्याआधी दोन घरांना विचारून बघा. दुकानात जाताना पेन्सिल घेऊन जा, किलोचा भाव स्वतः काढा आणि पावती तिथल्या तिथे तपासा. छापील किमतीपेक्षा जास्त पैसे लावले असतील तर तिथेच सांगा. नाही ऐकलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे, तिथे मराठीतही तक्रार नोंदवता येते.