लिंबाचा डाग आणि शहाबादी फरशी

स्वयंपाकघरातील शहाबादी फरशीवर लिंबाची फोड काही वेळ राहिली, की तेथे पांढुरका, खरखरीत डाग उमटतो. तो धुऊन जात नाही. जाणार तरी कसा? तेथे दगडाला काही लागलेले नसते, दगडच थोडा झिजलेला असतो.

महाराष्ट्राची बहुतेक भूमी काळ्या फत्तराची. थिजलेल्या लाव्हाचा हा अग्निजन्य खडक किल्ल्यांत, देवळांत, घाटांवर इतका दिसतो, की शहाबादी फरशीही आपल्याला त्याच कुळातली वाटते. ती मुळीच तशी नाही. कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबाद गावावरून नाव पडलेला हा भीमाखोऱ्यातील चुनखडक आहे, म्हणजे गाळाचा खडक.

खात्री करण्यास प्रयोगशाळा नको. फरशीच्या तुटक्या तुकड्यावर चाकूच्या टोकाने ओरखडा काढावा. पांढरी रेघ उमटते. काळ्या फत्तरापुढे चाकूचे फारसे चालत नाही. खरवडलेल्या भुकटीवर लिंबू पिळले, की बारीक बुडबुडे येतात. आम्लामुळे कॅल्शियम कार्बोनेटाचे विघटन होऊन सुटणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचे ते बुडबुडे. संगमरवरही असाच फसफसतो, हे मात्र ध्यानात ठेवावे. पण त्याचे स्फटिक चकाकतात. फरशीचे कण नुसत्या डोळ्यांना दिसतच नाहीत.

कारण मुळात तो होता चिखल. 50 कोटी वर्षांहूनही पूर्वी, उथळ समुद्राच्या तळाशी चुन्याचा अतिसूक्ष्म गाळ थरावर थर साचत गेला आणि वरच्या भाराने दबून घट्ट झाला. दोन थरांमधल्या सपाटीवर हा दगड सहज सुटतो, म्हणून तर छिन्नी-पहारीने त्याच्या लाद्या निघतात. चुनखडक म्हटल्यावर त्यात शंखशिंपले शोधणाऱ्याची मात्र निराशा होते. असे प्राणी भरभराटीस येण्यापूर्वीचा हा गाळ. आपला काळा फत्तर सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. भीमाखोऱ्याच्या उत्तरेकडे तो याच चुनखडकावर पसरलेला आढळतो. पायाखालची साधी फरशी सह्याद्रीच्या खडकाहून कितीतरी वडील आहे!

एवढ्या वडीलधाऱ्या दगडाला आपण तेजाबाने धुतो. फरशी लख्ख दिसते, पण मळाबरोबर चुनाही विरघळतो, पृष्ठभाग खरबरीत होतो आणि पुढचा मळ अधिकच धरतो. साबणाचे पाणी पुरते. पडलेला लिंबाचा डाग मात्र पुन्हा घासून पॉलिश केल्यावाचून जायचा नाही.