उताऱ्याचे पाणी

दारू चढते कशी, हे न पिणाराही सांगेल. उतरताना ती काय करते, हे पिणाऱ्यालाच विचारावे. त्या सकाळसाठी लिंबूपाणी, ताक, काळी कॉफी असे उतारे वर्षानुवर्षे चालत आले आहेत. आता त्यांच्या पंगतीत हायड्रोजन येऊन बसला आहे, पाण्यात विरघळवून पाकिटात भरलेला.

ही निव्वळ भोंदूगिरी म्हणता येणार नाही. 2007 साली जपानच्या निप्पॉन मेडिकल स्कूलमधील शिगेओ ओहता आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर मेडिसिन’मध्ये दाखवले, की हायड्रोजन पेशीतील हायड्रॉक्सिल या जहाल घटकाला निष्प्रभ करतो. यकृत दारूचे आधी ॲसिटाल्डिहाइड करते, मग ॲसिटेट. त्या खटाटोपात असे जहाल घटकही निर्माण होतात. तेव्हा हायड्रोजनने सकाळ सुसह्य व्हावी, हा तर्क वावगा नाही.

पण लिटरभर पाण्यात हायड्रोजन मावतो जेमतेम दीड मिलिग्रॅम, आणि झाकण उघडताच तोही उडू लागतो. शिवाय मोडलेली झोप, आटलेले पाणी, चिडलेले पोट यांवर तो काय करणार? माणसांवरचे प्रयोगही मोजकेच आणि छोटे. तोवर तपासलेल्या कोणत्याच उताऱ्याला भक्कम पुरावा नाही, असा निष्कर्ष ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधील आढाव्याने 2005 साली काढला होता.

माझी काळजी मात्र वेगळीच आहे. समजा, उतारा लागू पडला तर?

आमच्या शाखेत एक रोखपाल होते. रात्री कितीही झाली तरी सकाळी वेळेवर काउंटरवर हजर. हिशेबात पैशाची चूक नाही. ‘डोके दुखत नाही, म्हणजे मला पचते,’ असे अभिमानाने सांगत. निवृत्तीपूर्वीच ते यकृताच्या विकाराने गेले.

थकबाकीदाराला बँक नोटीस धाडते. नोटीस फाडल्याने कर्ज फिटत नाही, व्याज चढतच राहते. सकाळची डोकेदुखी ही शरीराची नोटीस. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1988 सालीच मद्याला कर्करोगकारक ठरवले. ते खाते हायड्रोजनने बंद होत नाही. म्हणून कोणी हौसेने ते पाकीट आणलेच, तर खुशाल प्यावे. फक्त डोके हलके झाले म्हणून संध्याकाळचा पेला वाढवू नये.